शेवटचा अ

बार्सिलोनाच्या मेट्रोत गाडीचा वेग ओसरायला लागला की डब्यात एक शांत आवाज उमटायचा, 'प्रॉक्सिमअ अस्तसिओ', आणि पुढचं स्टेशन कोणतं हे कळायच्या आत मी त्या पहिल्या शब्दाच्या टोकाशीच रेंगाळलेली असायचे. लिहिलेला असतो चांगला ठसठशीत आ. ऐकू येतो तो मात्र नुसता अ, ओठांना फारसं न उघडवता श्वासाबरोबर सुटलेला. तिकडच्या कॅटलन बोलीत आघात नसला की आ काय आणि ए काय, दोन्ही याच अ मध्ये विरघळतात. शहराचं नावसुद्धा बर्सलोनअ होतं. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण सहज गिळून टाकतो. तो असा जपून उच्चारलेला ऐकताना जिवाला फार बरं वाटायचं.

ज्या आजींच्या घरी मी राहायचे, त्यांच्या तोंडी तर ही सगळी अक्षरं मऊ होऊन यायची. एक्सचा पुष्कळदा श, रस्त्याच्या 'कर्रे'मधला शेवटचा र लिहिण्यापुरताच, आणि उत्तरेच्या मुन्सेञ डोंगराचं नाव घेताना अखेरीस आपला ञ. मुळाक्षरांच्या तक्त्यात चित्राविना राहिलेलं ते एकाकी अक्षर, तिथे डोंगराच्या नावात निवांत बसलेलं! मी उगाचच त्यांना डोंगराबद्दल काहीबाही विचारत राहायचे.

पण त्यांचा खरा जीव होता एका टिंबावर. पारालेल स्टेशनच्या पाटीवर ते दिसतं: दोन एलांच्या मध्ये, ना तळाशी ना माथ्याशी, अधांतरी. पुम्पेउ फाब्रा हे शिक्षणाने इंजिनियर. त्यांच्या पुढाकाराने 1913 साली कॅटलन शुद्धलेखनाचे नियम ठरले, त्यातलं हे टिंब. जोड ल म्हणा, असं ते सांगतं. 1939 मध्ये हुकूमशहा फ्रँकोची राजवट आली, शाळा-कचेऱ्यांतून कॅटलन हद्दपार झाली. फाब्राही सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेले आणि 1948 च्या नाताळात प्रादा गावी वारले. आजी त्याच काळात शाळेत गेल्या. बोलणं घरातलं, अक्षरं मात्र स्पॅनिश. स्वतःची भाषा लिहायला त्या शिकल्या ते केस पांढरे व्हायला लागल्यावर.

नातीला पत्र लिहिताना कादंबरी हा शब्द आला की मी हळूच बघायचे. तोंडाने त्या पुटपुटायच्या 'नुबेलअ', एकच ल, चारचौघांसारखा. हात मात्र दोन्ही एल काढायचा, पेन उचलायचा आणि मधोमध ते टिंब ठेवायचा. आणि दारात पडलेल्या एखाद्या जाहिरातीत कुणी त्या जागी खाली पूर्णविराम दिलेला असला, तर चष्मा शोधून, तो खोडून, टिंब वर नेऊन बसवल्याशिवाय तो कागद त्या रद्दीत टाकत नसत.