यंत्राला नवा शब्द कळेना

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत खजिनदारपण माझ्याकडे आलं ते महिलांच्या राखीव जागेमुळे. ४२ घरांचा हिशेब! वह्यांतली खाडाखोड पाहून भाचीने तिच्या नव्या संगणकावर एक्सेलमध्ये सुरेख तक्ता करून दिला. घराचा क्रमांक शोधून जमा रक्कम आणि थकबाकी तो आपोआप मांडायचा.

जूनअखेरीस तोच तक्ता कचेरीतल्या संगणकावर उघडला. तिथे एक्सेल २०१६. आकडे सगळे जागच्या जागी होते. पण एका घराची रक्कम भरली मात्र, आणि ४२ घरांपुढे ‘#नेम?’ उमटलं! बिलं दोन दिवसांवर आलेली, आणि आमच्याकडे थकबाकीदारांची यादी जिन्याखालच्या फळ्यावर लागते.

चिटणीस म्हणाले, “वहिनी, त्या खुणेच्या जागी शून्य दिसेल असं करा की!” तशी सोय आहे, इफएरर नावाची. पण जमेच्या रकान्यात शून्य म्हणजे कोणीच पैसे भरले नाहीत! तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दर तिमाहीला न चुकता चेक देतात. त्यांचं नाव फळ्यावर लावायचं?

मी चौकटीवर टिचकी मारून वरच्या पट्टीतलं सूत्र वाचलं. ‘एक्सलूकअप’ या शब्दाआधी ‘एक्सएलएफएन’ अशी अक्षरं चिकटली होती. ती दिसली की समजावं, सूत्र बिघडलेलं नाही, या आवृत्तीला तो शब्दच ठाऊक नाही. एक्सलूकअप एक्सेल २०२१ मध्ये आहे. २०१६ आणि २०१९ मध्ये नाही. आधी दिसलेले आकडे भाचीच्या संगणकाने मोजून ठेवलेले होते. नव्याने मोजायची वेळ आली तेव्हा गाडी अडली.

माझ्या नागपूरच्या जावेने लग्नानंतर पहिल्यांदा बाजारातून ‘सांभार’ मागवला, तेव्हा अशीच पंचाईत झाली होती. तिला हवी होती कोथिंबीर. यंत्राने निदान ‘ठाऊक नाही’ म्हटलं. आमचे हे सांबार मसाल्याची पुडी घेऊन आले!

तर मग जुन्याच नावाने मागायचं. व्हीलूकअप जुन्या आवृत्त्यांतही चालतं. मात्र ज्या रकान्यात शोधायचं तो निवडलेल्या भागात सर्वांत डावीकडे हवा. नसेल तर इंडेक्स आणि मॅच ही जोडी वापरावी. आणि सूत्राच्या शेवटी ‘फॉल्स’ लिहायचंच, बरं का! एक्सलूकअप न सांगता तंतोतंत जुळणी शोधतं. व्हीलूकअपला तसं बजावावं लागतं, नाहीतर ते भलत्याच घराची रक्कम बेधडक पुढे करू शकतं आणि खूण कसलीच उमटत नाही. मला ‘#नेम?’पेक्षा याची धास्ती जास्त.

तक्त्याची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवून मग सूत्र बदललं, आणि बिलं छापण्याआधी दहाबारा घरांचे आकडे बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहिले. आजींची थकबाकी शून्य निघाली. भाचीने आता तिच्याकडच्या तक्त्यातही जुनंच सूत्र घातलं आहे, कारण कचेरीतला संगणक बदलायचा ठराव अजून वार्षिक सभेपुढे यायचा आहे.