केलस मुगीतेनु?

"घरातच तर असतीस की गं! काय करूलालीस दिवसभर?" शेजारच्या काकूंचा हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की आता त्याचा रागही येत नाही. वाईट एवढ्याचंच वाटतं, की बरीच वर्षं या प्रश्नाला मी स्वतःच "काही नाही हो, असंच" असं उत्तर देत होते.

माझं माहेर शहापूरचं, मराठी. सासर कन्नड. सासूबाईंना मी अत्ती म्हणते. आमच्या घरात भाजीला मराठीत फोडणी बसते आणि वाढणं कन्नडमध्ये होतं. बेळगावात अशी घरं काही कमी नाहीत, त्यामुळे वाचकांना वेगळं सांगायला नको. या दोन भाषांनीच मला माझा व्यवसाय दिला. इंग्रजी आणि कन्नडमधली पत्रकं, माहितीपुस्तिका मी मराठीत आणते आणि मधूनमधून लेखही लिहिते. नोकरी अशी नाही. जेवढे शब्द, तेवढे पैसे.

मुलगी २०१६ साली झाली. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, कायद्यात दुरुस्ती होऊन बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पेपरात ती बातमी वाचून मला बरं वाटलं आणि हसूही आलं. माझ्यासारखीला रजा देणार कोण? जिथं पगारच नाही, तिथं पगारी रजा कुठून असणार? बाळंतपणानंतर दोन महिन्यांतच बाळ मांडीवर आणि कागद पाटावर, अशी माझी कचेरी सुरू झाली.

पण ती कचेरी मी लपवूनच चालवली. पहाटे सगळे उठायच्या आत एक तास, दुपारी मुलगी झोपली की एक तास, रात्री भांडी आवरल्यावर जमेल तेवढं. कुणी आलं की वही मिटायची. "काही करत होतीस का?" "नाही, नाही, या ना!" मला वाटायचं, घराला माझ्या कामाची झळ लागू दिली नाही म्हणजे मी चांगली सून आणि चांगली आई. खरं तर कामाच्या वेळी मन मुलीपाशी असायचं आणि मुलीपाशी असताना कामात. तिला गोष्ट सांगताना मी मनात एखाद्या अडलेल्या शब्दाला मराठी पर्याय शोधत असायची. तिच्या ते बरोबर लक्षात यायचं. "आई, तू राक्षस दोनदा मारलास," ती म्हणायची.

२०२२ चा जुलै महिना. आपल्याकडचा जुलैचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. चार-चार दिवस अंगणात कपडा वाळत नाही. मुलगी पहिलीत होती. शाळेतून लवकर आली आणि गप्पच बसली. मला संध्याकाळी पाचपर्यंत एक पुस्तिका पाठवायची होती. विषय होता लहान मुलांच्या तापात घ्यायची काळजी! मूल नेहमीपेक्षा मलूल वाटलं तर अंगाला हात लावून पाहा, थोडं थोडं पाणी पाजत राहा, अशी वाक्यं मी मराठीत उतरवत होते. मुलगी दोनदा जवळ आली. दोन्ही वेळा मी मान वर न करता म्हणाले, "दोन मिनिटं हं, राजा."

तिसऱ्यांदा ती आली नाही. आल्या त्या अत्ती. "मै सुडाकत्तैती," त्या म्हणाल्या. अंग भाजतंय पोरीचं. मी धावत गेले. माजघरात चटईवर ती मुटकुळं करून पडली होती. ताप १०३ होता.

डॉक्टरांकडे नेलं, औषध दिलं, दोन दिवसांत ती हिंडू-फिरू लागली. पावसाळी ताप होता, बाकी काही नाही. पण त्या रात्री तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवताना माझ्या डोळ्यांसमोर मीच लिहिलेली वाक्यं येत होती. मी रडत अत्तींना सांगितलं, की मी काम करत होते, आज पाठवायचंच होतं, म्हणून लक्ष गेलं नाही. आता हे सगळं बंद करते.

मला वाटलं, त्या म्हणतील, कर बंद. त्या एवढंच म्हणाल्या, "मोदल हेळबारदेनु?" आधी सांगायचं नाही का? "मी रिकामीच बसले होते की. पोरीला माझ्यापाशी घेतलं असतं."

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मदत मागितली तर काम दिसेल आणि काम दिसलं तर आईपणात कमी पडले असं दिसेल, म्हणून मी गप्प राहिले होते. त्या गप्प राहण्याची किंमत माझ्या लेकीनं मोजली.

दुसऱ्या दिवशी मी अत्तींसमोर वही उघडली. एका पुस्तिकेला किती तास लागतात, शब्दाला किती पैसे मिळतात, कुणाकडून किती येणं आहे, सगळं दाखवलं. एका ठिकाणचे पैसे चार महिने अडकले होते आणि संकोचापोटी मी फोनसुद्धा केला नव्हता. अत्तींनी चष्मा वर केला. "बरदिद्दक्क रोक्क कोडतारेनु?" लिहिण्याचे पैसे देतात? आणि मग लगेच, "मग मागत का नाहीस?" मी फोन केला. पुढच्या आठवड्यात पैसे आले.

मला या दिवसांत इंदिरा संतांची फार आठवण यायची. १९४६ मध्ये पती गेले, पदरी तीन मुलं. याच बेळगावात अध्यापन विद्यालयात नोकरी करत त्यांनी संसार ओढला आणि 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' हे संग्रहही दिले. कन्नडमधल्या त्रिवेणींनी 'शरपंजर' कादंबरीत बाळंतपणानंतर मन आजारी पडलेल्या बाईची व्यथा मांडली. घर तिला कसं दूर लोटतं, हे वाचताना अंगावर काटा येतो. त्यांच्यापुढे माझी पुस्तिका म्हणजे काहीच नाही, हे मी जाणते. पण लिहिणाऱ्या बाईला घरानं काय दिलं आणि काय नाकारलं, हा प्रश्न पुस्तकांबाहेरही आहे, एवढं मला तेव्हा उमगलं.

मग आम्ही घरात एक साधी पद्धत पाडली. मुलीची जुनी पाटी खोलीच्या दाराला टांगली. कामाला बसताना मी तीवर कन्नड अक्षरांत 'केलस' लिहायची आणि खाली लेक वेळ लिहायची, कारण तेव्हा ती नुकतीच घड्याळ शिकत होती. साडेचार लिहिलं, की साडेचारला वही मिटायची, मग वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. तेवढा वेळ ती अज्जीची. ताप, पडणं, रडणं यांना पाटी लागू नाही, हा नियम अत्तींनी घातला. मीही दोन नियम घातले. आज देऊन उद्या मागितलेलं काम घ्यायचं नाही आणि दर लेखी ठरल्याशिवाय सुरुवात करायची नाही. काही कामं गेली. वर्षाची कमाई थोडी घटली, हेही खरंच सांगते. पण राक्षस आता एकदाच मरतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. अजूनही आठवड्यातून एखाद्या दिवशी माझा आवाज चढतो, कूकरची शिट्टी मोजायची राहते. आपल्याकडे कन्नडमध्ये म्हणतात, 'मने गेद्दु मारु गेल्लु', आधी घर जिंक, मग बाहेरचं जग. या म्हणीचा अर्थ मी उलटाच लावला होता. घराला काही कळू न देणं म्हणजे घर जिंकणं, असं मला वाटत होतं.

परवा शेजारच्या काकू दुपारी आल्या. मी आत होते. नेहमीप्रमाणे उठून बाहेर जाणार, तेवढ्यात अत्तींचा आवाज आला, "आकी केलसदाग अदाळ. बसा, चहा मी करते." ती कामात आहे. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मी पुन्हा खाली बसले, पण पाच मिनिटं एक अक्षर सुचलं नाही.

आता हे लिहिते आहे, तर दारावर टकटक होते आहे. पाटीवर पाच लिहिलंय आणि पाच वाजून गेलेत. "आई, केलस मुगीतेनु?"

मुगीतु गं. आलेच.