कोसंबींचा एच-इंडेक्स

पूर्वी प्राध्यापक मंडळी कॉलेजच्या ग्रंथालयात यायची ती नवीन काय आलंय ते बघायला. २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे एपीआय गुण आले आणि हळूहळू विचारणा बदलली. "मॅडम, माझी सायटेशन्स किती झाली बघता का?" कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की हे रोजचंच. मी डेटाबेस उघडायचा, नाव घालायचं, कुठला निबंध किती जणांनी संदर्भाला घेतला ते मोजायचं आणि शेवटी एच-इंडेक्सचा आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले, त्याचा एच-इंडेक्स दहा. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढलेली ही युक्ती. तिच्यापायी आमच्या स्टाफरूममध्ये अबोले धरलेले मी पाहिले आहेत.

वनस्पतिशास्त्राच्या मॅडम एकदा वेगळंच काम घेऊन आल्या. ज्वारीच्या जनुकीय नकाशावरचा त्यांचा निबंध परीक्षकाचा शेरा घेऊन परत आला होता : कोसंबी फंक्शन वापरलंत, मग मूळ निबंधाचा संदर्भ कुठे आहे? मॅडम वैतागल्या होत्या. "अहो, सॉफ्टवेअरमध्ये नावांची यादी येते. हाल्डेन, कोसंबी, आणखी एक-दोन. आम्ही कायम कोसंबीवर क्लिक करतो. त्याचा संदर्भ कोण देत बसतंय?" बरोबर आलेल्या विद्यार्थिनीने हळूच विचारलं, "मॅम, हे जपानी होते का?"

वर्तमानपत्रांच्या टेबलाशी इतिहासाचे सर बसले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. "जपानी? अगं, पुण्यात भांडारकर रस्त्यावर राहायचे ते! गोव्यातल्या कोसबेनचा जन्म. धर्मानंदांचा मुलगा." मग जरा थांबून माझ्याकडे वळले, "पण ते नक्की आमचे इतिहासवालेच का? गणित शिकवायचे हे मला ठाऊक आहे. हे जनुकांचं कधी केलं त्यांनी?"

तो निबंध आमच्याकडे असण्याचं कारण नव्हतं. मागवला. 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स', खंड १२, पान १७२ ते १७५. म्हणजे अवघी चार पानं. लेखक डी. डी. कोसंबी, त्या वेळी फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. मॅडमनी मला आणि सरांना उभ्याउभ्याच त्यातली गोम सांगितली. गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुकं एकमेकांपासून जितकी लांब, तितकी त्यांची ताटातूट जास्त. पण ताटातुटीची टक्केवारी म्हणजे अंतर नव्हे, कारण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती दिसतच नाही. हाल्डेननी १९१९ मध्ये सूत्र दिलं, त्यात एका जागची अदलाबदल शेजारच्या जागेवर काही परिणाम करत नाही असं धरलं होतं. प्रत्यक्षात एके ठिकाणी अदलाबदल झाली की लगतच्या जागी ती सहसा होत नाही. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात घेतला. ताटातूट २० टक्के असेल तर हाल्डेनच्या सूत्राने अंतर २५.५ सेंटिमॉर्गन येतं आणि कोसंबींच्या सूत्राने २१.२. "भात, गहू, टोमॅटो, काहीही घ्या," मॅडम म्हणाल्या, "नकाशे याच्यावरच उभे आहेत."

सरांना हे फार आवडलं आणि थोडं झोंबलंही. "काढा बरं आमच्या कोसंबींचा एच-इंडेक्स!" म्हणाले. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात एक फलक रिकामा होताच. मी प्राध्यापकांसाठी भरते तोच फॉर्म घेतला आणि कोसंबींच्या नावाने भरायला बसले.

पहिल्याच रकान्याला अडले. विषय. तिथे एकच विषय निवडता येतो. गणित निवडलं तर मुख्य संदर्भ जनुकशास्त्रातले. इतिहास निवडला तर नियतकालिकांच्या डेटाबेसमध्ये जवळजवळ काहीच नाही, कारण त्यांची इतिहासातली ख्याती पुस्तकांवर आहे. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं १९५६ चं पुस्तक, १९६२ चं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी', १९६५ चं प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं. इतिहास शिकलेला माणूस यांतलं एक तरी हाताळल्याशिवाय एमए होत नाही. पण पुस्तकातून पुस्तकात दिलेला संदर्भ या यंत्रांना नीट दिसत नाही. सर ऐकायला तयार नव्हते. "म्हणजे आमचं वाचन मोजलंच जात नाही?" मी म्हटलं, वाचन कधीच मोजलं जात नाही सर, फक्त तळटीप मोजली जाते.

मग नाव. कोसंबी डी. डी., कोसंबी डी., कोसंबी दामोदर, अशा नोंदी चार ठिकाणी पसरलेल्या. त्यातल्या 'कोसंबी डी.' मध्ये वडील येऊन बसलेले! धर्मानंद पालीचे मोठे पंडित. त्यांनी सुधारून दिलेली 'विसुद्धिमग्ग'ची आवृत्ती हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचा ४१ वा खंड म्हणून १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, निघाली. लगेच पुढचा, ४२ वा खंड विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश', १९५७ चा, संपादक दामोदर कोसंबी आणि व्ही. व्ही. गोखले. एका मालेत लागोपाठचे खंड, एकच आडनाव, एकच आद्याक्षर. यंत्राला दोष कशाला द्यायचा? जुन्या तालिकापत्रांतही अशी गफलत झालेली मी पाहिली आहे. बापलेकांचे संदर्भ एकेक उघडून वेगळे करण्यात माझी दुपार गेली, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली.

ज्या चार पानांवरून हे सुरू झालं त्यांचीही दोन शकलं झालेली. तो खंड १९४३ सालचा धरायचा की १९४४ सालचा, यावर जगात एकमत नाही. काहीजण १९४३ लिहितात, काहीजण १९४४, आणि यंत्र त्यांचे दोन निबंध करतं. मी दोन्ही जोडले. यादीत सगळ्यात वर तोच आला, आणि बाकीचे पुष्कळ खाली. तेसुद्धा मॅडमसारखे लोक नुसतं क्लिक करून पुढे जात असताना. सगळ्यांनी संदर्भ दिला असता तर कुठे जाऊन पोचला असता कोण जाणे.

गणिताचे सर आले आणि त्यांनी आणखी घोटाळा केला. त्यांना जनुकांचं सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या मते खरा निबंध म्हणजे १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आलेला. एखादी सतत हेलकावणारी गोष्ट, वाऱ्याचा वेग म्हणा, थोड्या ठरावीक आकृत्यांच्या बेरजेत कशी मांडायची याची ही पद्धत. पुढे खळबळत्या प्रवाहांच्या अभ्यासात तिचा उपयोग झाला, चेहरे ओळखण्याच्या सुरुवातीच्या पद्धतींतही झाला. पण जगभर ती ओळखली जाते कारहुनेन आणि लोएव यांच्या नावाने, आणि त्यांचं काम कोसंबींच्या नंतरचं. "म्हणजे पद्धत वापरणारे हजारो, आणि संदर्भ दुसऱ्याला," गणिताचे सर म्हणाले. युद्धाच्या धामधुमीत एका भारतीय नियतकालिकात आलेला निबंध युरोपात किती जणांच्या हाती लागला असेल? भूमितीत मात्र नाव टिकलं. १९३३ मध्ये एका जर्मन नियतकालिकात त्यांचा निबंध आला आणि त्याला लागूनच फ्रेंच गणिती एली कार्तानचं टिपण. पुढे चर्न हे गणिती त्यात आले, आणि तो सिद्धान्त आजही कोसंबी-कार्तान-चर्न म्हणूनच ओळखला जातो.

आता माझं मत. हे आकडे अगदीच निरुपयोगी नाहीत. एका विषयाच्या आत, एका पिढीत, कोणाचं काम कोणाला लागलं हे त्यांतून बऱ्यापैकी कळतं. बेरीज केली की मात्र सगळं फसतं. जनुकशास्त्रज्ञ एका निबंधात पन्नास संदर्भ सहज देतो, गणिती दहा-पंधरांत भागवतो. आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची जी चिकित्सक आवृत्ती कोसंबींनी १९४८ मध्ये काढली, कुठकुठली हस्तलिखितं ताडून पाहत, ती यंत्राला कुठल्या खात्यात घालायची तेच कळत नाही. ते काम करायला लागलेला वेळ आणि ते चार पानी सूत्र यांना एका तागडीत घालणारी मी कोण? तशी त्यांची स्वतःची तागडी निराळीच होती. चांदीची आहत, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी एकेक करून तोलायची. नाणं हातोहात फिरून झिजतं, वजन घटतं, तेव्हा तक्षशिलेच्या साठ्यातल्या वजनांच्या घसरणीवरून कुठलं नाणं किती काळ चलनात होतं ते काढायचं. इतिहासाच्या सरांना हे पाठ होतं. ते संख्याशास्त्र आहे हे त्यांना गणिताच्या सरांनी सांगितलं, आणि दोघं तासभर माझ्या टेबलाशी ठाण मांडून बसले.

फॉर्म पुरा झाला नाही. एच-इंडेक्सच्या रकान्यात मी एका डेटाबेसचा एक आकडा आणि दुसऱ्याचा दुसरा लिहिला, दोन्ही खोडले, आणि फलकावर त्याऐवजी चार पानांची मोठी छायाप्रत लावली. बघायला सगळ्यात जास्त कृषी पदविकेची मुलं आली, ती मॅडमच्या धाकाने.

प्रदर्शनानंतर गणिताचे सर एक कागद घेऊन आले. कोसंबींनी उतारवयात एस. ड्यूक्रे या टोपणनावाने काही गणिती निबंध लिहिले होते. रीमानच्या सुप्रसिद्ध अनुमानाशी झुंजणारा निबंध त्यांनी १९५९ मध्ये कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला होता, त्यावरून टवाळी झाली होती. "ड्यूक्रेचे त्यांच्या खात्यात धरायचे का?" सरांनी विचारलं. एपीआयच्या हिशेबात टोपणनावाला गुण नव्हते, पण ग्रंथालयाचा नियम सोपा आहे : टोपणनावाखाली एक नोंद करायची आणि लिहायचं 'पाहा : कोसंबी, दा. ध.' तशी केली.

त्याच कागदावर खाली १९३१ चा निबंध होता, 'बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचं सामान्यीकरण'. फ्रेंच गणिती आंद्रे वेइलच्या सांगण्यावरून एका सहकाऱ्याची जिरवायला लिहिलेला. त्यात ज्याचा आधार घेतला तो डी. बुर्बाकी नावाचा गणिती मुळात नव्हताच. फ्रान्समधल्या तरुण गणित्यांनी बुर्बाकी हे सामूहिक नाव घेतलं ते नंतर. म्हणजे गणिताच्या छापील वाङ्मयात बुर्बाकीला पहिला संदर्भ मिळाला तो कोसंबींकडून, आणि तोही बनावट. सरांनी विचारलं, "याची नोंद कुठे 'पाहा' म्हणून करणार?" त्यावर मला काही सुचलं नाही. तालिकेत बुर्बाकी, डी. हा लेखक अजून तसाच आहे, पुढे काहीही न लिहिलेला, आणि दर वर्षीच्या तपासणीत सॉफ्टवेअर त्याला अपूर्ण नोंद म्हणून लाल रंगात दाखवतं.