गरज नेमकी कधी सरते?

फोनवर पाच चेहरे उमटले आहेत. डावीकडचा लालबुंद, उजवीकडचा हिरवागार आणि बत्तिशी दाखवणारा; मधले तिघं आवंढा गिळून बसलेले. वर हॉस्पिटलची एक ओळ: आमच्याकडचा तुमचा अनुभव कसा होता? प्रस्तुत लेखकाचं बोट तिथवर जातं आणि परत येतं. त्याच्या डोक्यात भलतंच काही अडकलं आहे. गरज सरो, वैद्य मरो.

ही म्हण रोग्याने केलेली नसणार. बरा झालेला माणूस स्वतःलाच कृतघ्न ठरवणारी म्हण कशाला करील? एखाद्या वैद्यबुवांनीच ती केली असावी. काढ्याचे पैसे थकलेले, आणि परवापर्यंत खाटेवर कण्हणारा रोगी आता बाजारात समोरून येताना दुसरीकडे बघतोय. मग ‘मरो’ हे खरं कुणी म्हटलं? रोग्याने तर चकार शब्द काढलेला नाही. वैद्यबुवांनीच तो त्याच्या मनात घातला. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते आपणच ठरवायचं आणि मग त्यावर रुसायचं, असा हा कारभार.

आता या कारभाराचं खातंच निघालं आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे प्रमुख आणि हृदयशल्यचिकित्सक टोबी कॉसग्रोव्ह २००६ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये बोलायला गेले होते. एक विद्यार्थिनी उठली. तिच्या वडिलांना हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया हवी होती. क्लीव्हलँडचा लौकिक घरच्यांना ठाऊक होता, तरी ते मेयो क्लिनिकला गेले, कारण क्लीव्हलँडला माया नाही असं त्यांच्या कानावर आलं होतं. तुम्ही डॉक्टरांना सहानुभूती शिकवता का, असं तिने विचारलं. हृदयावर उपचार करण्यात देशात पहिल्या नंबरच्या हॉस्पिटलच्या प्रमुखाकडे उत्तर नव्हतं.

पुढच्याच वर्षी क्लिनिकने ‘चीफ एक्स्पीरियन्स ऑफिसर’ असं पद काढलं आणि त्यावर ब्रिजेट डफी यांना बसवलं. अमेरिकी आरोग्यसेवेतल्या अशा पदावरची ही पहिली व्यक्ती मानली जाते. डफी स्वतः डॉक्टर. म्हणजे म्हणीतल्या वैद्यालाच रोग्याकडे पाठवलं: जा, विचारून ये, तुझ्याबद्दल त्याला काय वाटतं ते.

त्या काळात क्लिनिकने बऱ्याच गोष्टी केल्या. पाठीवर उघडा पडणारा हॉस्पिटलचा झगा बदलण्यासाठी डियान फॉन फर्स्टनबर्ग या नामांकित फॅशन डिझायनरला गाठलं. डफींनंतर आलेल्या जेम्स मर्लिनो यांच्या काळात न्यूरोसर्जन आणि सफाई कामगार एका टेबलाशी बसवले गेले आणि सगळ्यांना ‘केअरगिव्हर’ हे एकच नाव मिळालं. आपल्याकडे वॉर्डात मावशी आणि मामा कधीचे आहेत. फक्त डॉक्टरांना कुणी काका म्हणत नाही.

पण अनुभव मोजण्याच्या या पेशाचं खरं दैवत अमेरिकी सरकारची एक प्रश्नावली आहे. ‘एचकॅप्स’ म्हणतात तिला. तिचे निकाल २००८ पासून जाहीर होऊ लागले आणि २०१२ च्या ऑक्टोबरपासून हॉस्पिटलला मिळणाऱ्या सरकारी पैशाचा काही भाग त्यांच्याशी बांधला गेला. रोग्याला गाठायचं ते तो घरी गेल्यावर ४८ तासांनंतर, सहा आठवड्यांच्या आत. थोडक्यात, गरज सरल्यावर. सिस्टर तुमच्याशी आदराने वागल्या का? उत्तरं चार: कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी. पैशाच्या हिशेबात ‘नेहमी’ तेवढं धरतात. ‘बहुतेक वेळा’ला काही किंमत नाही.

आता मराठी माणसाच्या तोंडून कौतुकाचा ‘नेहमी’ काढून दाखवा! आपली पावती नकारातच फाडलेली असते. पंगत कशी झाली? नावं ठेवायला जागा नव्हती. नवी सून कशी आहे? तशी वाईट नाही. ऑपरेशन? तक्रार नाही बुवा. ‘नेहमी’ आपण राखून ठेवतो भांडणासाठी: नेहमी असंच करतोस, नेहमीचंच आहे तुझं. एचकॅप्सची भाषांतरं स्पॅनिश, चिनी, रशियन, व्हिएतनामी अशा भाषांत झाली आहेत. मराठीत झालेलं नाही, ते एका परीने बरंच. न्यू जर्सीत लेकाकडे राहणाऱ्या, तिथेच गुडघा बदलून घेतलेल्या एखाद्या आजींनी मनापासून समाधानाने ‘बहुतेक वेळा’वर खूण केली असती, आणि त्या भल्या सिस्टरच्या हॉस्पिटलचा गुण गेला असता.

बरं, समाधान मोजलं तरी ते कशाचं? तुमची वेदना थांबवण्यासाठी आम्ही शक्य ते सगळं केलं का, असा एक प्रश्न त्या यादीत होता. ओपिऑइड औषधांच्या व्यसनाने देश पोखरला जात असताना, या गुणांपायी डॉक्टर गोळ्या सढळ हाताने देतात अशी ओरड झाली. आधी तो पैशाच्या हिशेबातून काढला, मग २०१८ मध्ये बदलला, आणि २०१९ मध्ये वेदनेबद्दलचे प्रश्न यादीतूनच गेले. त्याच्याही आधी, २०१२ साली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी पन्नास हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली होती. आपल्या डॉक्टरवर सर्वांत खूश असलेल्यांत मृत्यूचा धोका २६ टक्के जास्त दिसला. एकामुळे दुसरं घडलं असं त्यावरून म्हणता येत नाही, हे खरं. तरी म्हण उलटी टांगल्यासारखी वाटते: वैद्य सुखरूप, रोगी खूश, आणि मरणारा भलताच.

डफी क्लीव्हलँडहून निघाल्या, ‘एक्स्पीरिया हेल्थ’ नावाच्या कंपनीच्या सहसंस्थापक झाल्या. ती २०१० मध्ये ‘व्होसेरा’ने घेतली आणि डफी पुढे तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकारी झाल्या. व्होसेराचा माल म्हणजे गळ्यात किंवा कॉलरला अडकवायचा छोटा बिल्ला. बटण दाबायचं, नाव उच्चारायचं. ‘जिनी’ नावाचा आतला आवाज हव्या त्या माणसाशी जोडून देतो. सिस्टरचे हात मोकळे, धावपळ कमी. नर्सचा जाच कमी झाल्याशिवाय रोग्याच्या वाट्याला माया येणार नाही, हे डफी वर्षानुवर्षं सांगत आल्या. प्रस्तुत लेखकाला पाच चेहऱ्यांपेक्षा हा बिल्ला पटतो. पण का पटतो हे सांगायला गेलं की बोलणं अडतं, कारण तोही शेवटी विकायचाच माल. २०२२ मध्ये कृत्रिम सांधे आणि हॉस्पिटलच्या खाटा बनवणाऱ्या ‘स्ट्रायकर’ने सुमारे तीन अब्ज डॉलर्सना व्होसेरा विकत घेतली.

प्रस्तुत लेखकाच्या हॉस्पिटलातल्या मुक्कामात एकदा रात्री अडीचला सलाईनचं मशीन पींपीं करू लागलं. सिस्टर आल्या, आवाज बंद करून गेल्या. मागून आलेल्या मावशींनी काही न बोलता पायावरून सरकलेली चादर ओढून दिली आणि त्याही गेल्या. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. हे कोणत्या चेहऱ्यावर दाबायचं?

दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं, अशी दुसरी एक म्हण आहे. पहिलीची आणि तिची बहुधा कधी गाठ पडलेली नाही. पहिलीत गरज सरण्याचा एक ठरीव क्षण आहे. दुसरीत मुंगी अजून चालतेच आहे, सहा आठवडे उलटले तरी. पण या दुसरीत वैद्यच नाही, त्यामुळे तिचाही उपयोग होत नाही.

वैद्याबद्दल रोग्याने केलेली एखादी म्हण वाचकांपैकी कुणाच्या घरात, आजीच्या तोंडी, अजून असेल तर जरूर कळवावी. पाच चेहऱ्यांची लिंक शुक्रवारपर्यंत चालू आहे.