चौथा भिडू : अकोल्याहून अमरावतीस

अकोल्यांतील आमच्या घराच्या ओसरीवर दर शनिवारीं सायंकाळीं एक चौरस टेबल व चार खुर्च्या मांडल्या जातात. हेंच आमचें ब्रिजमंडळ. त्यास नांव नाहीं, पाटी नाहीं. आहे ती एक लांबट वही. तींत खेळाचे गुण, वर्गणीचा जमाखर्च व चहाची पाळी कोणाची हें सर्व लिहिलेलें आहे. गेल्या चैत्रांत आमचे सर्वांत वडील सभासद निवर्तले, आणि त्या वहींत आम्हांस प्रथमच लिहावें लागलें, "आज तिघेच. खेळ नाहीं." पुढील पांच शनिवारीं तेंच वाक्य लिहिलें. सहाव्या शनिवारीं एक स्नेही हळूच म्हणाले, "मास्तर, आतां वही बांधून ठेवा."

हा खेळ मुळीं चौघांवांचून होतच नाहीं. बावन्न पानें वाटून प्रत्येकाच्या हातीं तेरा येतात. समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू. आधीं बोली होते, हुकूम कोणता व हात किती करावयाचे याचा करार ठरतो, मग उतारी. करार ज्यानें पार पाडावयाचा, त्याचा भिडू आपलीं पानें टेबलावर उघडीं मांडून स्वस्थ बसतो. भिडूशीं काय बोलावयाचें तें बोलींतूनच. डोळ्यांनीं वा सुरानें खूण करणें हा दोष होय. सन १९२५ मध्यें हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थानें पनामा कालव्यांतून चाललेल्या जहाजावर या खेळास आजची गुणपद्धति दिली. हा वृद्धांचा नुसता वेळ घालविण्याचा उद्योग नव्हे, हें सन २०१८ मध्यें जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत दिसून आलें. तेथें प्रणव वर्धन व शिवनाथ सरकार या भारतीय जोडीनें सुवर्णपदक मिळविलें, आणि वर्धन तेव्हां साठ वर्षांचे होते.

पत्ते म्हटले कीं घरोघर वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते, आणि तें अगदींच अकारण नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत जुगाऱ्याच्या घराची जी दैना वर्णिली आहे, ती आमच्या पिढीनें पाठशाळेंत वाचली होती. म्हणून आम्हीं आरंभींच तीन नियम केले : पैसा लावावयाचा नाहीं, खेळ चालूं असतां बोलावयाचें नाहीं, आणि नवख्यास बसवावयाचें नाहीं. पहिल्या दोन नियमांनीं मंडळाची अब्रू राखली. तिसऱ्यानें काय केलें, तें उमगण्यास आम्हांस अमरावतीस जावें लागलें.

आमच्या पुतण्याचा मुलगा तेथें शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करतो. त्यास भेटावयास आम्ही सकाळच्या आगगाडीनें निघालों. दोन्ही बाजूंस काळी कपाशीची जमीन पावसाची वाट पाहत पडली होती. वाटेंत मूर्तिजापूर लागलें. एके काळीं येथून अचलपूरकडे व यवतमाळकडे अरुंद रुळांवरून जाणारी 'शकुंतला' गाडी आतां थांबली आहे. तिच्या आठवणीनें आमच्या वहीचाच विचार मनांत आला. बडनेऱ्यास उतरून आम्ही अमरावती गांठली, अंबादेवीचें दर्शन घेतलें, आणि उन्हें कलतांना श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर गेलों.

अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनीं सन १९१४ मध्यें हें मंडळ स्थापिलें. सन १९३६ मध्यें बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं येथील पथकानें तिकडे जाऊन भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. हा इतिहास आम्हीं वर्गांत पुष्कळदां सांगितला होता. परंतु त्या दिवशीं दृष्टि खिळली ती निराळ्याच गोष्टीवर. सातआठ वर्षांचा एक मुलगा मल्लखांबावरून पुनःपुन्हां घसरत होता, आणि पंधरासोळा वर्षांची एक मुलगी त्याच्या कमरेस हात देऊन त्यास पुन्हां वर चढवीत होती. शिक्षक दूर उभे होते. आम्हीं नातवास विचारलें, "ही तुमची शिक्षिका काय?" तो म्हणाला, "नाहीं, आजोबा. ज्याला येतें त्यानें मागच्याला शिकवायचें, अशीच येथें रीत आहे."

परततांना बसनें महामार्गावरून आलों. सन २०२२ च्या जून महिन्यांत लोणीपासून मान्यापर्यंत या मार्गाच्या एका मार्गिकेवर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्यांत आला, व त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. पांच दिवसांत सडक होऊं शकते. शंभर वर्षें टिकणारें मंडळ मात्र दर पिढीस नव्यानें घालावें लागतें. दहा वर्षांपूर्वीं आळींतील दोन तरुण खेळ शिकूं इच्छीत होते. त्यांस आम्हींच "आधीं येऊं लागूं द्या, मग बसा" असें सांगून परत पाठविलें होतें. दोष काळाचा नव्हता, आमचा होता.

त्या शनिवारीं धाकट्या सूनबाई नेहमींप्रमाणें चहा घेऊन आल्या. सात वर्षें त्या टेबलापाशीं घटकाभर थांबून खेळ पाहत आल्या होत्या. मागें एकदां खेळ संपल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मामंजी, किलवरची राणी आधीं उतरली असती तर त्यांचा करार बुडाला असता." तें खरें होतें, आणि आम्हीं तें हंसण्यावारी नेलें होतें. आज आम्हीं खुर्ची ओढून म्हटलें, "सूनबाई, बैस." त्यांनीं एकवार स्वयंपाकघराकडे पाहिलें. आंतून आमच्या मंडळींचा आवाज आला, "बैस ग, भाताकडे मी पाहतें."

पहिल्याच डावांत आमच्या या नव्या भिडूनें बोली एका हातानें अधिक केली व करार बुडाला. स्नेही कांहीं बोलले नाहींत. नियमच तसा आहे. रात्रीं आम्हीं वहींतील तिसऱ्या नियमावर रेघ ओढली व खालीं लिहिलें, "आज चौघे. पुढील शनिवारीं आळींतील त्या दोघांस निरोप धाडणें."

ज्यांच्या ओसरीवर एखादें जुनें मंडळ असेंच तिघांवर आलें असेल, त्यांनीं वही बांधण्यापूर्वीं एकदां घरांतच सभोंवार पाहावें, एवढीच विनंति.