जवारी आणि फझ

इलेक्ट्रिक गिटारमधून वेगळा आवाज काढायचा तर पायाखाली पेडलची रांग हवी, अशी समजूत पक्की झाली आहे. माझं मत उलट आहे: आवाज बदलतो तो तारेपाशी, आणि तो बदलण्याची सर्वांत सखोल विद्या आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर आधीपासून आहे. त्यासाठी पिकअपचं काम समजून घ्यावं लागतं. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. हवेतला नाद पिकअपला जवळजवळ कळतच नाही, कळते ती तारेची हालचाल. म्हणून हालचालीत केलेली बारीकशी ढवळाढवळही अँपमधून मोठी होऊन बाहेर येते.

ही ढवळाढवळ म्हणजेच जवारी. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा कानसीने घासून त्याला अगदी हलका उतार देतात, मग तारेखाली सुती दोरा घालतात. दोरा जागेवर नसेल तर तार मुकी वाटते. केसभर सरकवला की आवाज एकदम उघडतो आणि खर्जाच्या तारेतून वरचे स्वर एकामागून एक झंकारू लागतात. तार कंप पावताना त्या उताराला पुन्हा पुन्हा स्पर्श करते, त्यामुळे वरचे उपस्वर सतत नव्याने जन्मतात. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये हेच दाखवलं होतं. एरवी तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांची स्थिर गाठ असते, ते उपस्वर निघत नाहीत. तंबोरा हा नियम मोडतो. आपण शतकानुशतके ज्याला गोडवा म्हणत आलो, तो असा मुद्दाम घडवलेला अडथळा आहे.

आता फझकडे, म्हणजे गिटारच्या मुद्दाम फाडलेल्या आवाजाकडे, पाहा. अमेरिकी गायक मार्टी रॉबिन्सच्या 1961 मधल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात बिघडलेल्या यंत्रामुळे बास गिटारचा आवाज फाटला, लोकांना तो आवडला आणि 1962 मध्ये माएस्ट्रोची फझ पेटी बाजारात आली. गिटारवादक लिंक रे याने त्याआधीच, 1958 मध्ये, स्पीकरच्या कागदाला भोकं पाडून तोच परिणाम साधला होता. लाटेचा माथा कापला की नवे उपस्वर तयार होतात. इथपर्यंत फझ जवारीचाच भाऊबंद. पण दोन स्वर एकत्र फाटले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही स्वर उमटतात. त्यात गिटारच्या पडद्यांवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा चढा असल्यामुळे भरल्या कॉर्डचा चिखल होतो. टिकतात ते षड्ज आणि पंचम. रॉकवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, तो तंबोऱ्याचाच सा-प आहे, आणि ही जवळीक मला फार मोलाची वाटते.

यावर आक्षेप येईल की जवारी सजीव आणि फझ ओबडधोबड. तो अर्धा खरा आहे. फझ सुरुवातीला सर्वाधिक फाटतो आणि आस विरताना साफ होत जातो. जवारी मात्र आस चालू असतानाच रंग बदलत राहते. पण यावरून निष्कर्ष निघतो तो असा, की फझ पेटीच्या आधी घोडीकडे जावं. 1967 मध्ये निघालेल्या कोरल कंपनीच्या इलेक्ट्रिक सितारने तेच केलं: चपटी घोडी बसवून गिटारला जवारी दिली. साध्या गिटारवरही बांबूची नखाएवढी पातळ चीप घोडीला लागून तारेखाली सरकवून पाहा. तिचा उतार मानेच्या दिशेला हवा. स्वर किंचित चढेल, तेव्हा खुंटी थोडी उतरवा, मग चीप तसूतसूने हलवत झंकाराची जागा शोधा.

दुसरा आक्षेप असा की असल्या आवाजांना आपल्या मातीत जागा नाही. ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांवर तारपा ऐकला असेल तर हे कुणी म्हणणार नाही. भोपळ्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, त्यांतल्या थरथरत्या जिभल्या, वादकाचा न तुटणारा श्वास, यांतून जो भरड, भरगच्च नाद रात्रभर घुमतो, तो ऐकलेल्या कानाला फाटलेली गिटार परकी वाटू नये. म्हणूनच कसाऱ्याच्या अलीकडच्या उंबरमाळीत स्वस्तातली गिटार घेऊन बसलेल्या मुलाला मुंबईतल्या महागड्या फझ पेटीची वाट पाहत बसायची गरज नाही. बांबू तिथे मुबलक आहे, आणि दोरा घरात असतोच.