मृगाच्या आधी मिनी ट्रॅक्टरला दोन दिवस द्या



मृग तोंडावर आलाय. बियाणं, खत, सोयाबीनची उगवण तपासणी, सगळ्यांची धावपळ चालू आहे. शेडात उभ्या असलेल्या मिनी ट्रॅक्टरकडं मात्र कोणाचं लक्ष नाही. चांगला पाऊस पडला, वाफसा आला, की गावातले सगळे एकाच दिवशी चावी फिरवतात. अन् त्याच दिवशी बदनापूर काय, जालना काय, एकाही मिस्त्रीचा फोन लागत नाही. म्हणून आज पिकाचं बाजूला ठेवून अवजाराचं लिहितो.

आपली जमीन काळी, भारी. पाऊस झाला की दोन-तीन दिवस रानात पाय ठेवता येत नाही. मंग वाफसा येतो, तो हातात राहतो जेमतेम तीन-चार दिवस. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं विद्यापीठ सांगतं ते बरोबरच आहे. पण तेवढा पाऊस झाल्यावर जे तीन-चार दिवस मिळतात, त्यात ट्रॅक्टर बंद पडला तर काय? पुन्हा पाऊस लागला की आठ-दहा दिवस गेले. आपल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ किंवा ७१६ तूर घ्या, नाहीतर दुसरं कोणतंही चांगलं वाण घ्या, उशिरा पेरलं तर त्याचा गुण कमीच दिसणार. म्हणजे मिस्त्रीला जे पैसे गेले ते थोडे, वाफसा गेला ते खरं नुकसान.

पूर्वी एखादा बैल लंगडला तर शेजाऱ्याचा मागता यायचा. आता शेजाऱ्याच्या गोठ्यातही बैल नाही. १५ ते २० एचपीचे मिनी ट्रॅक्टर गावोगाव आले, युवराज २१५, व्हीएसटी शक्ती, स्वराज. मोसंबीच्या बागेत, कडवंचीकडं द्राक्षात, चार फुटी कपाशीत त्यांच्याशिवाय पान हलत नाही. समाजकल्याण खात्याच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांनाही ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर मिळाले. यंत्र दारात आलं. पण त्याची निगा कशी ठेवायची, हे शिकवायला कोणी घरी आलं नाही. मी दहावी पास माणूस. कंपनीचं पुस्तक चार वेळा वाचलं, मिस्त्री काम करत असताना बाजूला उभा राहिलो, अन् निम्म्याहून जास्त काम हाताखाली आणलं. हे कोणालाही जमतं.

हवेपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त इंजिनं धुळीनं जातात. आमच्या शिवारात एकाचा ट्रॅक्टर काळा धूर टाकायला लागला, ऑइल प्यायला लागला, ताकद गेली. चार महिने रोटाव्हेटर तसाच चालवला. शेवटी खोलून बघितलं तर एअर क्लीनरपासून इंजिनला जाणारा रबरी पाइप क्लिपखाली फाटलेला. दीडदोनशे रुपयांची वस्तू. पण त्या फटीतून धूळ सरळ आत गेली अन् लायनर, पिस्टन, रिंगा घासून गेल्या. ऐन जूनमध्ये इंजिन बांधायला गेलं, अन् त्याची सात एकराची पेरणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत राहिली.

हे तपासायची सोपी रीत आहे. ट्रॅक्टर मोकळ्या जागी उभा करा, न्यूट्रलला, ब्रेक लावून, इंजिन मंद चालू ठेवा. एअर क्लीनरचं हवा घ्यायचं तोंड जाड रबराच्या तुकड्यानं किंवा फळीनं घट्ट झाका. हात लावू नका. सगळे जोड नीट असतील तर इंजिन लगेच गुदमरून बंद पडतं. झाकल्यावरही चालतच राहिलं तर कुठून तरी चोरून हवा घेतंय असं समजा अन् प्रत्येक क्लिप, प्रत्येक रबर बघा.

एअर क्लीनर ऑइलवाला असेल तर खालची वाटी काढून गाळ टाका, डिझेलनं धुवा, खुणेपर्यंतच नवीन ऑइल भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं. मळणीच्या किंवा रोटाव्हेटरच्या दिवसात वाटी रोज उघडून बघायची. कोरडा कागदी फिल्टर असेल तर आतून बाहेर हळू हवा मारायची. जोरात आपटायचा नाही, कागद वाकला की सील जातं.

दुसरं ऑइल. सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून पट्टी बघा. ऑइल कमी झालं हे सगळ्यांना कळतं. पण भरलं नसताना पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर जास्त घाबरायचं, कारण त्यात डिझेल नाहीतर पाणी उतरतंय. दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणीच. अशा वेळी ट्रॅक्टर चालू न करता मिस्त्रीला बोलवायचं. ऑइल किती तासांनी बदलायचं ते पुस्तकात दिलेलं असतं. बऱ्याच ट्रॅक्टरला २५० तास आहे, नव्याला पहिल्यांदा ५० तासाला. आपण दिवाळीला बदललं, पोळ्याला बदललं असा हिशोब ठेवतो. तसं करू नका, तासाचा मीटर बघा. मीटर बंद असेल तर आधी तो दुरुस्त करा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी शेडच्या दारामागं वही टांगली आहे. तारीख, तास, काय केलं, किती रुपये. मागच्या वर्षी ऑइल, फिल्टर, ग्रीस मिळून माझा खर्च साडेतीन हजाराच्या आत बसला.

डिझेलचं म्हणाल तर कॅन हलवत आणून लगेच टाकीत ओतू नका. रात्रभर स्थिर ठेवा, तळाचं थोडं सोडून द्या, गाळून भरा. टाकी संध्याकाळी काम झाल्यावर भरा. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं आतल्या बाजूला पाणी धरतं अन् ते तळाशी बसतं. फिल्टर बदलला किंवा डिझेल संपलं की लाइन हवा घेते. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू थोडा सैल करायचा, हाताचा पंप मारायचा, बुडबुडे थांबून सरळ धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. पाच मिनिटांचं काम आहे. यासाठी रानात मिस्त्रीची वाट बघत बसलेले लोक मी बघितलेत.

रेडिएटरच्या जाळीत कपाशीचा कापूस, सोयाबीनचा भुसा बसतो. हवा आतल्या बाजूनं बाहेर मारा, म्हणजे घाण आली तशी निघते. गरम असताना झाकण उघडायचं नाही, तोंड भाजतं. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. बॅटरीची टोकं खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुऊन व्हॅसलीन लावा. वायर काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. ट्रॅक्टरला काही वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची वायर काढा, नाहीतर अल्टरनेटर जाऊ शकतो.

आता सुधारणांचं. लोकांना हॉर्न, म्युझिक, बंपर याची हौस फार. मी मोजक्याच गोष्टी केल्या. मागच्या चाकांचं अंतर आपल्या पिकाच्या ओळीला बसेल असं लावून घेतलं. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरला ही सोय कंपनीनंच दिलेली असते, रिम अन् डिस्क उलटून बसवायची, एवढंच. त्यामुळं डवऱ्याच्या वेळी कपाशीची मुळं तुटत नाहीत. मागच्या बाजूला एक एलईडी लावला, तो फ्यूज टाकूनच. नुसती वायर ओढून लावलेल्या दिव्यांनी शेडं जळाली आहेत. बागेत वरचा सायलेन्सर फांद्यांत अडकत असेल तर कंपनीचाच खालचा सायलेन्सर मिळतो का ते विचारा. घरी वाकवून डिझेलच्या टाकीजवळ किंवा वाळल्या गवताच्या उंचीला आणू नका. अन् गाडीच्या मूळ रचनेत मोठा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं परवानगीशिवाय चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

काही सुधारणा म्हणजे उलट नुकसान. रोटाव्हेटरच्या शाफ्टचा शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून त्याच्या जागी कडक बोल्ट टाकणारे फार. तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो. दगड लागला की दहा-वीस रुपयांचा बोल्ट जावा अन् गिअरबॉक्स वाचावा, यासाठी. सारखा तुटत असेल तर खोली कमी करा, पाती झिजलीत का बघा. दुसरं, आपल्या जालन्यात सळईचे कारखाने पावलापावलावर. म्हणून सळईचा तुकडा कापून टॉप लिंकची पिन करतात. सळई त्या कामाची नाही. रस्त्यावर अवजार निसटलं तर मागून मोटारसायकलवाला येतोय. पिन विकतच घ्या अन् तिला क्लिप लावा. तिसरं, ताकद वाढवायला डिझेल पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून घेणं. त्यानं धूर वाढतो, इंजिन तापतं, डिझेल जातं. १५ एचपीचं इंजिन २० एचपीचं होत नाही.

घरातल्या बारक्या यंत्रांचंही याच दोन दिवसांत उरकून घ्या. ब्रश कटर टू स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल पुस्तकात दिलेल्या मापानंच. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. अंदाजानं ओतायचं नाही. आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. ते हवेतला ओलावा धरतं अन् जुने रबरी पाइप फुगवतं. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करा अन् कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पुढच्या वर्षी दोरी ओढून खांदा दुखणार नाही. बॅटरीवाला फवारणी पंप रिकामी बॅटरी ठेवून माळ्यावर टाकू नका, काम नसलं तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. एचटीपी पंपाचं ऑइल बघा, अन् औषध मारून झालं की दोन मिनिटं साधं पाणी चालवा.

कोणत्या कामाला हात लावायचा नाही तेही सांगतो. डिझेल पंप अन् नोझल. नोझलची धार इतक्या दाबाची असते की हातावर घेतली तर कातडीतून आत घुसते. हायड्रोलिकचा पंप, ब्रेकचं आतलं काम, विहिरीवरच्या स्टार्टरची वायरिंग, हे जाणत्याकडूनच. मोटर चालावी म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर डायरेक्ट करणं म्हणजे मोटर जाळायला ठेवणं. वर उचललेल्या रोटाव्हेटरखाली हायड्रोलिकच्या भरवशावर कोणी शिरू नका, आधी लाकडी ठोकळे लावा, इंजिन बंद करा, चावी खिशात घाला. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक, ओढणी, सैल बाही अडकली तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर अडचण होते म्हणून काढून टाकलेलं असेल तर आज परत बसवा. बाकी सगळं उद्यावर ढकललं तरी चालेल, हे नाही.

बचत गटाच्या ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. दहा जणांचा ट्रॅक्टर कोणाचाच नसतो. तिथं एकच करा. ग्रीस अन् ऑइल बघायचं काम एकाच माणसाकडं द्या, अन् त्याला तासामागं ठरलेले पैसे गटानं द्यावेत. वही गटाच्या बैठकीत उघडावी. जिथं असं केलंय तिथले ट्रॅक्टर चालू आहेत.

तरुण पोरांसाठी सांगतो. आयटीआयला ट्रॅक्टर मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स आहे. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची शेती यंत्रांचं प्रशिक्षण देणारी जुनी संस्था आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करा. गावात शंभर ट्रॅक्टर अन् मिस्त्री एक, अशी आज अवस्था आहे. शेतीला जोड म्हणून याच्यापेक्षा जवळचा धंदा दिसत नाही.

उद्याचा दिवस ठरवून टाका. रिंग पान्यांचा एक सेट, ग्रीस गन, डिझेलची पाटी, जुनं धोतर, एवढं पुरतं. पोरगं घरी असेल तर त्याला सोबत घ्या, अन् पाना त्याच्या हातात द्या.